टायमिंग चेनचा आवाज: सकाळचे पहिले दोन-तीन सेकंद नीट ऐका

सकाळी पहिला सेल्फ मारला की इंजिनातून दोन-तीन सेकंद खळखळ आवाज येतो आणि मग गाडी एकदम शांत होते, असं ज्यांच्या जुन्या गाडीचं व्हायलंय त्यांच्यासाठी हे लिहायलोय. आपल्याकडं या आवाजावर दोनच उत्तरं मिळतेत. एक तर "डिझेल गाडी हाये, आवाज करणारच, चालू द्या" नाहीतर "इंजिन गेलं, विकून टाका". आणि ही दोन्ही उत्तरं देणारे लोक बहुतेक वेळा बॉनेट न उघडताच बोलतेत. खरं काय ते कळायला आवाज कधी येतो, किती वेळ राहतो आणि इंजिनाच्या कोणत्या बाजूनं येतो एवढं नीट ऐकावं लागतं, त्यात पैसा लागत नाही, फक्त चार सकाळी लवकर उठून गाडीपाशी उभं राहावं लागतं.

माझी गाडी २०११ ची डिझेल हॅचबॅक. आधी मामांकडं होती, मामांचं मोंढ्यात रोजचं येणंजाणं, त्यामुळं गाडी पळली भरपूर, माझ्याकडं आली तवा पावणेदोन लाख किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चेन आणि टेन्शनर असलेल्या कोणत्याही जुन्या इंजिनाला हे होऊ शकतं आणि मला इथं कोण्या कंपनीला नावं ठेवायची नाहीत.

आधी चेन करते काय ते सांगतो कारण ते समजलं की आवाजाचं अर्धं कोडं तिथंच सुटतं. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतेत तो दांडा, आणि वर कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व उघडणारा दांडा. क्रँक दोनदा फिरला की कॅम बरोबर एकदा फिरला पाहिजे, तरच व्हॉल्व वेळेवर उघडतेत आणि वेळेवर बंद होतेत. ही सांगड चेन सांभाळते. २००० आरपीएमवर तासभर गाडी चालली तर क्रँक १ लाख २० हजार वेळा फिरतो, आता परभणीहून गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत लातूर गाठेपर्यंत किती होत असतील ते तुम्हीच गुणा. चेनची एक बाजू क्रँक ओढत असतो म्हणून ती ताठ राहते, दुसरी बाजू ढिली. या ढिल्या बाजूला एक हलती गाईड असते, प्लास्टिकचा थर असलेली पट्टी, आणि तिला मागून टेन्शनर दाबून धरतो. बहुतेक गाड्यांत हा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. आत छोटा पिस्टन, त्याच्यामागं स्प्रिंग, आणि इंजिनाचा ऑइल पंप जे प्रेशर देतो त्यानं पिस्टन बाहेर येऊन गाईडला रेटतो.

इंजिन बंद केलं की प्रेशर शून्य. टेन्शनर चांगला असला तर त्याच्या आतला छोटा व्हॉल्व थोडं ऑइल धरून ठेवतो, काही टेन्शनरला दाते असतेत ते पिस्टनला मागं सरकू देत नाहीत. पण टेन्शनर थकला, चेन लांब झाली, गाईड झिजली की रात्रभरात ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं आणि सकाळी सेल्फ मारल्यावर वर ऑइल पोचेपर्यंत चेनला धरणारं कोणी नसतं, ती गाईडवर आणि कधी कधी कव्हरवर आपटती. तोच तो आवाज, पत्र्यावर वाळलेले हरभरे सांडावेत तसा. ऑइल पोचलं की टेन्शनर दाबतो, चेन ताठ होते, आवाज बंद. म्हणून दिवसभर गाडी गप आणि सकाळीच बोलती.

परभणीत हे जास्त जाणवतं. मराठवाड्यात थंडी म्हणलं की परभणीचं नाव निघतं, इथल्या कृषी विद्यापीठाच्या नोंदीत डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो आणि तीच बातमी गावभर फिरते. थंडीत ऑइल घट्ट होतं, वर चढायला वेळ घेतं. मला आवाज पहिल्यांदा लक्षात आला तो अशाच थंडीत, गाडी गावाकडं वाड्यासमोर चार-पाच दिवस उभी होती त्याच्यानंतर. त्या वेळी खळखळ दोन सेकंद पण नसेल. उन्हाळा लागला तसा आवाज गेला आणि घरचे म्हणले झालं बरं, गेलं. मला ते पटत नव्हतं, कारण बाहेर ४२ अंश असल्यावर ऑइल पातळच असतं, लवकर चढतं, पण आत झिजलेली वस्तू काही उन्हानं भरून येत नाही. पुढच्या थंडीत तोच आवाज परत आला आणि या वेळी जास्त वेळ राहायला लागला.

हा वाढत जाणारा वेळच सगळ्यात महत्त्वाची खूण आहे असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त थंड इंजिनावर एक-दोन सेकंद असंल तर घाबरून त्या दिवशीच इंजिन उघडायची गरज नसते, पण ऑइल कधी बदललं, कोणतं टाकलं हे बघायची वेळ झाली. चार-पाच सेकंदांवर गेलं, किंवा गाडी दुपारी दोन तास उभी राहून परत चालू केली तरी आवाज यायलाय, तर टेन्शनर आणि चेन बघायलाच पाहिजे. आणि गरम इंजिन, गाडी जागेवर उभी, तरी बारीक खरखर चालूच आहे, किंवा रेस देऊन पाय काढल्यावर आरपीएम खाली येताना खळखळ ऐकू येते, तर मग लांबच्या गावाला गाडी नेऊ नका. चेननं एखादा दाता जरी सोडला तरी व्हॉल्वचं आणि पिस्टनचं टायमिंग चुकतं, आणि डिझेल इंजिनात वर जागा इतकी कमी असते की पिस्टन व्हॉल्ववर आदळतो. व्हॉल्व वाकतेत, रॉकर तुटतेत. तिथून पुढं खर्च नुसत्या चेन-टेन्शनरच्या किटचा राहत नाही, हेड उतरवण्याचा होतो.

आता डिझेलमध्ये अडचण ही की इंजिन मुळातच थंडीत टकटक करतं आणि चेनचा आवाज त्याच्याखाली दबतो. मी काय केलं ते सांगतो. रात्री गाडी लावतानाच बॉनेटचा खटका ओढून ठेवायचा, सकाळी बायकोला सेल्फ मारायला बसवायचं आणि आपण फोनचं रेकॉर्डिंग चालू करून टायमिंग कव्हरच्या बाजूला उभं राहायचं. बहुतेक आडव्या इंजिनांत ही बाजू म्हणजे जिकडं फॅन बेल्ट असतो ती, ड्रायव्हर साईडला असंल का क्लीनर साईडला ते गाडीवर अवलंबून आहे, काही गाड्यांत तर चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असते. ओढणी, बाही, हात बेल्टपासून लांब ठेवा, हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवलं होतं. नंतर तेच रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकलं की दोन आवाज वेगळे करता येतात. इंजेक्टरची टकटक एका लयीत असते आणि इंजिन गरम होईपर्यंत हळूहळू कमी होते, चेनची खळखळ विस्कटलेली असते आणि प्रेशर आलं की झटक्यात बंद होते. हा झटक्यात बंद होण्याचा क्षण रेकॉर्डिंगमध्ये फार स्पष्ट सापडतो. दर आठवड्याला एक असं रेकॉर्डिंग तारीख टाकून ठेवलं तर वेळ वाढायलाय का नाही हे भांडण न करता कळतं, मिस्त्रीला पण दाखवता येतं, कारण गाडी गॅरेजला पोचेपर्यंत गरम झालेली असते आणि तिथं आवाज येतच नाही, मिस्त्री म्हणतो "कुठाय आवाज?"

चेन म्हणून दुसरंच काही निघायची पण शक्यता असते. अल्टरनेटरचं बेअरिंग, बेल्टचा आयडलर, वॉटर पंप, हे सगळं त्याच बाजूला. मिस्त्रीनं फॅन बेल्ट काढून गाडी अर्धा मिनिट चालू केली आणि आवाज गेला तर चेनला हात लावायची गरज नाही. अर्ध्या मिनिटाच्या वर चालवायची नाही कारण वॉटर पंप पण त्याच बेल्टवर असू शकतो. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर क्लचकडं बघा. लोड घेताना, चढावर खालून जड ठोका यायलाय तर ते बेअरिंगचं काम असू शकतं आणि ते चेनपेक्षा गंभीर. लांब पेचकसाचं टोक कव्हरला टेकवून मूठ कानाला लावायची जुनी पद्धत आजपण कामाची आहे, आमच्या गॅरेजचे चाचा स्टेथोस्कोप असून पेचकसच वापरतेत.

चाचांनी पेचकस लावला, रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं आणि म्हणले, "चेन बोल रई बेटा, अब्बी छोटी आवाज में बोल रई, सुन लेव." दुसऱ्या एका ठिकाणी मला सांगितलं होतं की चेन लाईफटाईम असते, तिला काही होत नसतं. हा समज लई पसरलाय आणि तो अर्धवट आहे. काही इंजिनांत चेनच्या जागी टायमिंग बेल्ट असतो (फॅन बेल्ट वेगळा), तो रबराचा असतो, त्याला किलोमीटर ठरलेले असतेत, तेवढे झाले की न बघता बदलायचा. चेनला तसा आकडा पुस्तकात बहुतेक वेळा नसतो. आकडा नसतो एवढ्यानं ती अमर होत नाही. ती ऑइलमध्ये चालते, तिचं आयुष्य ऑइलवर ठरतं, आणि मरायच्या आधी ती आवाज करून सांगते, बेल्ट बहुतेक वेळा न सांगता तुटतो. ही चेनची चांगली बाजू आहे, फक्त कोणीतरी ऐकणारं पाहिजे.

इथं एक गोष्ट मधेच सांगतो, आपल्या गाडीत चेन आहे का बेल्ट हे आधी खात्रीनं माहीत करून घ्या, नुसत्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका. जुन्या वॅगन आरच्या एफ१०डी इंजिनाला बेल्ट होता, २०१० नंतरच्या के१०बी ला चेन. अल्टो ८०० ला बेल्ट, अल्टो के१० ला चेन. आय१० मध्ये १.१ लिटरला बेल्ट आणि १.२ कप्पाला चेन. मारुती, टाटा, फियाट अशा कितीतरी गाड्यांत बसलेलं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन चेनचं. आणि चेन काही नवीन प्रकार नाही, आपल्या वडलांच्या काळातल्या अँबॅसिडरच्या आणि प्रीमियर पद्मिनीच्या पेट्रोल इंजिनात पण चेनच होती, फक्त कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असल्यामुळं ती आखूड होती. आताच्या इंजिनात कॅम वर हेडमध्ये गेला, चेन लांब झाली, गाईड आणि टेन्शनरवरचं काम वाढलं.

आता ऑइल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण मराठवाड्यात चेनी लवकर झिजायचं कारण मला तरी इथंच दिसतं. डिझेल जळताना काजळी होते, त्यातली काही ऑइलमध्ये उतरते, म्हणून डिझेलचं ऑइल बदलून थोडं चाललं की लगेच काळं पडतं. ईजीआर असलेल्या गाडीत जळलेला धूर परत इंजिनात जातो, त्यानं काजळी अजून वाढते. ही बारीक काजळी चेनच्या पिन आणि बुशच्या मधल्या फटीत जाऊन घासते. त्यात आपली धूळ. उन्हाळ्यात शेतरस्त्यानं गाडी गेली की मागं काही दिसत नाही इतका फुफाटा उडतो, एअर फिल्टर चोंदलेला किंवा नीट न बसलेला असला की ही धूळ आत जाते आणि शेवटी ऑइलमध्येच येते. पुस्तकात १० हजार किलोमीटर किंवा १ वर्ष लिहिलेलं असतं ते सगळे वाचतेत, पण त्याच पुस्तकात पुढं धुळीच्या रस्त्यासाठी, कमी अंतराच्या फेऱ्यांसाठी, खडतर वापरासाठी वेगळं पान असतं आणि तिथं हे अंतर कमी करायला सांगितलेलं असतं. आपला वापर त्या पानातला आहे. घर ते मोंढा, मोंढा ते घर, इंजिन पुरतं गरम व्हायच्या आत बंद, आणि सुट्टीला शेतात. मी आता ५ हजारावर बदलतो, ६ महिने झाले तर किलोमीटर न बघता बदलतो.

दुसरा मुद्दा जाड ऑइलचा. "आपल्याकडं ऊन लई, पातळ ऑइल टिकत नाही, २०डब्ल्यू-५० टाका, आवाज पण कमी होईल" असं खूप ठिकाणी सांगतेत. गरम इंजिनावर आवाज खरंच थोडा कमी वाटतो, पण ज्या इंजिनाला कंपनीनं ५डब्ल्यू-३० सांगितलंय त्यात जाड ऑइल टाकलं तर सकाळी ते टेन्शनरपर्यंत उशिरा पोचतं, म्हणजे ज्या दोन-तीन सेकंदांत चेन मार खाते ते वाढतेत. बाहेरच्या उन्हाचा विचार कंपनीनं केलेला असतो, पुस्तकात तापमानाप्रमाणं कोणते ग्रेड चालतेत ते दिलेलं असतं, त्याच्या बाहेर जाऊ नका. डबलीतलं ऑइल ॲडिटिव्ह टाकून चेन दुरुस्त होत नाही. आणि खूप जुन्या, गाळ साचलेल्या इंजिनात जोरदार फ्लश मारायच्या आधी दहादा विचार करा, सुटलेला गाळ चेंबरमधल्या जाळीत अडकला तर ऑइल वर जायचंच बंद होईल.

ऑइल बदलताना अजून एक तपास फुकटात होतो. स्वच्छ ट्रेमध्ये ऑइल सोडायला सांगा आणि उजेडात तळ बघा. चुंबकाला चिकटणारा चुरा म्हणजे लोखंड, चमकणारा पण चुंबकाला न चिकटणारा म्हणजे बहुतेक ॲल्युमिनियम, चेन कव्हरवर घासायली असंल तर हा येतो. प्लास्टिकचे बारीक तुकडे दिसले तर गाईड तुटायलीय. माझ्या ऑइलमध्ये काळ्या प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा निघाला. त्याच्यानंतर पुढं ढकलायचा प्रश्नच राहिला नाही.

इंजिन उघडायच्या आधी चाचांनी ऑइल प्रेशर मोजलं, आणि ही गोष्ट मला सगळ्यांना सांगावी वाटते. ऑइलचा सेन्सर काढून तिथं गेज लावलं, थंड आणि गरम दोन्ही वेळी बघितलं. पंपच थकलेला असला, जाळी चोंदलेली असली तर नवीन टेन्शनरला पण प्रेशर मिळणार नाही आणि नवी किट टाकून आवाज तसाच राहील, मग पार्टला दोष देत बसायचं. माझ्या गाडीचं प्रेशर पुस्तकाप्रमाणं होतं. स्कॅनर पण लावला, त्यात काही कोड नव्हता. पी००१६ सारखा कोड असला तर क्रँक आणि कॅमचं नातं कॉम्प्युटरला चुकलेलं दिसायलंय असा त्याचा अर्थ, पण कोड नाही म्हणून चेन चांगली असं होत नाही, थोडी झीज कॉम्प्युटर चालवून घेतो. सेन्सर किंवा वायरिंग खराब असलं तरी असे कोड येतेत, म्हणून नुसत्या कोडवर पण इंजिन उघडू नका.

किट नांदेडहून मागवली. पूर्ण किट घ्या यावर मी ठाम आहे. चेन, खालचं-वरचं चक्र, दोन्ही गाईड, टेन्शनर, पुढचं ऑइल सील. नुसती चेन किंवा नुसता टेन्शनर टाकून पैसे वाचतेत असं वाटतं, पण झिजलेल्या चक्राचे दाते नव्या चेनला लवकर खातेत आणि मजुरी तर दोन्ही वेळा तेवढीच जाते. पार्ट नंबर गाडीच्या चेसिस नंबरवरून काढा, खोक्यावरचं प्रिंट, होलोग्राम बघा, बिल घ्या, डुप्लिकेट माल बाजारात आहे आणि तो गाईडच्या प्लास्टिकमध्ये सगळ्यात आधी मार देतो. किट, सील, ऑइल-फिल्टर, मजुरी सगळं धरून मला १५ ते २० हजारांच्या मध्ये खर्च आला. हेड उतरवायची वेळ आली असती तर आकडा वेगळाच होता.

काम मी पूर्ण वेळ तिथं थांबून बघितलं. चाक काढलं, फॅन बेल्ट काढला, इंजिनाला खालून जॅकचा आधार देऊन त्या बाजूचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर टेकलेलं असतं तो जोड, सोडलं, क्रँकची पुली काढली, चेंबर उतरवलं, मग कव्हर. कव्हर निघाल्यावर सगळं समोरच होतं, ढिल्या बाजूच्या गाईडला चेननं दोन खोल चर पाडले होते आणि वरचं टोक तुटलेलं. कव्हरच्या आतल्या बाजूला घासल्याची सुरुवात झाली होती, अजून थोडे दिवस काढले असते तर कव्हर पण गेलं असतं. चाचांनी आधी क्रँक आणि कॅम दोन्हीला लॉक पिन लावल्या. काही जण खडूनं नाहीतर पेंटनं खुणा करून चेन बदलतेत, पण जुनी चेन लांब झालेली असती तवा त्या खुणाच थोड्या सरकलेल्या असतेत, म्हणून ज्या इंजिनाला लॉक पिन लागतेत तिथं त्याच वापरणारा मिस्त्री शोधा, आधीच विचारा, "चाचा, लॉकिंग टूल हाये का?"

माझा आतेभाऊ वाळूजला एका कारखान्यात क्वालिटीत काम करतो, तो त्या दिवशी सुट्टीवर आलेला. त्यानं जुनी आणि नवी चेन हातात घेतली, भिंतीतल्या एकाच खिळ्याला शेजारी-शेजारी टांगली आणि खालचं टोक दाखवलं. जुनी चेन खाली उतरलेली होती, डोळ्यांना दिसेल इतकी. मग त्यानं मला हिशोब सांगितला. समजा चेनीत दीडशे सांधे आहेत आणि प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश मिळून एक शतांश मिलिमीटर झिजलं, हाताला कळणार पण नाही इतकं, तरी सगळे मिळून दीड मिलिमीटर झाले. कड्या लांब होत नाहीत, सांध्यांतली फट वाढत जाते आणि ती सगळी फट एका ठिकाणी, ढिल्या बाजूला जमा होते. टेन्शनरचा पिस्टन तितका बाहेर येत राहतो, एक वेळ अशी येते की त्याच्याकडं पुढं यायला जागाच उरत नाही. दोन्ही चेनी आडव्या धरून वाकवल्या तर जुनी कमानीसारखी वाकायची, नवी तेवढी वाकत नव्हती. गॅरेजमधली बाकीची पोरं पण काम सोडून बघायला आली. वीस मिनिटं कोणी मला समजावून सांगितलं असतं त्यापेक्षा त्या एका खिळ्यानं जास्त समजलं.

चेन लांब झाली की कॅम थोडा मागं पडतो, व्हॉल्व उशिरा उघडतेत, म्हणून खालच्या आरपीएमला गाडी मरगळते, चालू व्हायला सेल्फ जास्त लागतो, ॲव्हरेज थोडं घसरतं. मला अंबाजोगाईच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये जे जाणवायचं ते मी टर्बोवर ढकलत होतो, चेन बदलल्यावर ते बरंच कमी झालं.

बसवताना दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या. नवीन टेन्शनर पिस्टन आत दाबून पिन लावून येतो, बसवल्यावर ती पिन काढायची असते आणि काढलेली पिन हातात मागून घ्या. आणि सेल्फ मारायच्या आधी क्रँक पान्यानं हातानं पूर्ण दोन फेरे फिरवायचा, कुठं अडलं तर तिथंच थांबायचं, जोर लावायचा नाही, कुठंतरी पिस्टन व्हॉल्वला लागतोय. दोन फेऱ्यांनंतर लॉक पिना परत आपापल्या भोकात बसल्या पाहिजेत. त्याच्यानंतर चाचांनी इंधन बंद ठेवून थोडा थोडा सेल्फ मारला, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत, म्हणजे टेन्शनर भरला, मग गाडी चालू केली. कव्हरला लावलेला गॅस्केट सिलंट वाळायला रात्रभर वेळ दिला होता, घाई केली की तिथून ऑइल पाझरतं.

काम झाल्यावर हजार किलोमीटरला ऑइल परत बदललं, प्लास्टिकचा राहिलेला चुरा निघून जावा म्हणून. थंडी येऊन गेली, सकाळचा आवाज नाही, इंजेक्टरची टकटक आहे आणि ती राहणार.

वापराबद्दल एवढंच सांगतो, थंड इंजिनाला चालू केल्या केल्या रेस देऊ नका, अर्धा मिनिट तसंच राहू द्या आणि मग सावकाश निघा. चढावर पुढच्या गिअरमध्ये टाकून ठेवलेली गाडी मागं सरकली तर इंजिन उलटं फिरतं, ताण नेमका ढिल्या बाजूवर, टेन्शनरवर येतो, आणि त्या वेळी ऑइलचं प्रेशर नसतं, म्हणून आधी हँडब्रेक पूर्ण ओढा, चाकामागं दगड लावा, मगच गिअर. आणि चालता चालता खडाड् आवाज होऊन गाडी बंद पडली तर परत परत सेल्फ मारू नका, धक्का तर अजिबात नको. टो करून न्या. चेन सरकलेली असली तर प्रत्येक सेल्फला अजून एक व्हॉल्व जाऊ शकतो.

जुनी डिझेल घ्यायला नांदेडला, संभाजीनगरला जाणारे मित्र मला विचारतेत, त्यांना मी एकच अट घालायला सांगतो. मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी सकाळी येतो, माझ्याआधी गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गार असंल तर रेकॉर्डिंग लावून सेल्फ मारायला सांगा. कोमट लागलं तर चहा घ्या, बाकीची कागदपत्रं बघा, पण सौदा त्या दिवशी करू नका, दुसऱ्या सकाळी परत जा.